डोक्याला मार लागल्यावर एकसारख्या नोंदी का महत्त्वाच्या? रुग्ण आणि नातेवाइकांसाठी माहिती

पिशोर, नाचनवेल, चिंचोली लिंबाजी या भागातल्या माणसाच्या डोक्याला जोराचा मार लागला, तर मेंदूच्या शस्त्रक्रियेची सोय असलेल्या ठिकाणी पोहोचेपर्यंत तो बहुतेक वेळा तीन-चार जणांच्या हातांतून जातो. आधी गावातला डॉक्टर, मग १०८ची रुग्णवाहिका, मग जवळचे सरकारी रुग्णालय आणि शेवटी छत्रपती संभाजीनगरची घाटी किंवा तिथले एखादे खासगी रुग्णालय. प्रत्येक ठिकाणी कुणीतरी त्याला तपासते आणि कागदावर काहीतरी लिहिते. शेवटी जो न्यूरोसर्जन रुग्णाला पाहतो, त्याला आधी एवढेच कळायला हवे असते: मार लागल्यापासून हा रुग्ण सुधारत चालला आहे, तसाच आहे, की खालावत चालला आहे?

याचे उत्तर एका तपासणीतून मिळत नाही. ते आधीच्या नोंदींशी ताडून पाहावे लागते. आणि चार जणांनी चार वेगळ्या पद्धतींनी लिहिले असेल, तर ताडून पाहायला काही उरत नाही. म्हणून जगभर मेंदूच्या इजेच्या उपचारांत ‘सगळ्यांनी त्याच गोष्टी, त्याच शब्दांत, वेळेसह नोंदवायच्या’ यावर भर दिला जातो. ही पद्धत काय आहे, तिचा रुग्णाला काय उपयोग होतो आणि नातेवाईक त्यात काय करू शकतात, ते पाहू.

मार लागून गेल्यावरही इजा वाढू शकते

डोके आपटते त्या क्षणी मेंदूला जी इजा होते ती पहिली इजा. ती परत फिरवता येत नाही. पण पुढच्या काही तासांत आणि दिवसांत कवटीच्या आत रक्त साचणे, मेंदूला सूज येणे, रक्तदाब किंवा ऑक्सिजन कमी होणे, फिट येणे यांमुळे दुसरी इजा होऊ शकते. उपचारांचा बहुतेक भर ही दुसरी इजा टाळण्यावर असतो.

मेंदूच्या आवरणाबाहेर रक्त साचण्याच्या एका प्रकारात रुग्ण सुरुवातीला थोडा वेळ बेशुद्ध होतो, मग शुद्धीवर येतो, बोलतो, पाणी मागतो. घरच्यांना वाटते, संकट टळले. काही तासांनी तो पुन्हा गुंगायला लागतो. अशा वेळी तातडीने शस्त्रक्रिया झाली, तर रुग्ण पूर्ण बरा होऊ शकतो. उशीर झाला, तर जीव जाऊ शकतो. ‘दुपारी चारला नीट बोलत होता, सहाला फक्त हाकेला डोळे उघडत होता’ ही नोंद हातात असेल, तर डॉक्टरांना क्षणात अंदाज येतो. नुसते ‘बेशुद्ध अवस्थेत आणले’ एवढेच लिहिलेले असेल, तर मधले दोन तास हरवलेले असतात.

‘बेशुद्ध’ या एका शब्दात किती अर्थ?

दवाखान्यात नातेवाईक जे शब्द वापरतात ते चुकीचे नसतात. पण त्यांतून प्रत्येकाला वेगळा अर्थ लागतो.

- ‘बेशुद्ध पडला’: काहींच्या मते याचा अर्थ पाच मिनिटे अजिबात हालचाल नव्हती. काहींच्या मते तो डोळे मिटून कण्हत होता.
- ‘झोपलाय’: हाक मारल्यावर उठतो का? उठला तर ओळखतो का? हे विचारल्याशिवाय कळत नाही.
- ‘बरळतोय’: पूर्ण वाक्ये बोलतो पण भलतेच सांगतो, की नुसते तुटक शब्द?
- ‘झटका आला’: आमच्याकडे हा शब्द फिटसाठीही वापरतात, हृदयविकारासाठीही आणि लकव्यासाठीही.
- ‘दारू पिऊन पडलाय’: हा सगळ्यांत धोक्याचा समज. दारू प्यायलेल्या माणसालाही आतून रक्तस्राव होऊ शकतो आणि त्याची गुंगी दारूवर ढकलली जाते.

डॉक्टरांच्या चिठ्ठ्यांतही हीच अडचण येते. एकाने ‘सेमी-कॉन्शस’ लिहिले, दुसऱ्याने ‘ड्राऊझी’, तिसऱ्याने ‘जनरल कंडिशन पुअर’. यावरून रुग्ण खालावला की फक्त लिहिणारा बदलला, हे सांगता येत नाही.

ग्लासगो कोमा स्केल: सगळ्यांची एकच मोजपट्टी

या अडचणीवर स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहरातील डॉ. ग्रॅहम टीसडेल आणि डॉ. ब्रायन जेनेट यांनी १९७४ मध्ये एक साधा मार्ग सुचवला. ‘कोमा’, ‘गुंगी’ असे शब्द वापरण्याऐवजी रुग्ण प्रत्यक्ष काय करतो ते तीन बाबींत पाहायचे आणि त्याला गुण द्यायचे. यालाच ग्लासगो कोमा स्केल किंवा थोडक्यात जीसीएस म्हणतात. यासाठी यंत्र लागत नाही. शिकलेली सिस्टर, रुग्णवाहिकेतला डॉक्टर आणि न्यूरोसर्जन तिघेही ते वापरू शकतात.

- डोळे (१ ते ४ गुण): आपणहून उघडे ४, हाक मारल्यावर उघडतो ३, दाब दिल्यावर उघडतो २, उघडत नाही १.
- बोलणे (१ ते ५ गुण): भानावर राहून नीट उत्तर ५, गोंधळलेली उत्तरे ४, सुटे शब्द ३, नुसते कण्हणे २, आवाज नाही १.
- हालचाल (१ ते ६ गुण): सांगितलेले करतो ६, दाब दिलेल्या जागी हात नेतो ५, हात-पाय मागे ओढतो ४, हात विचित्र आखडतो ३, हात-पाय ताठ करतो २, हालचाल नाही १.

एकूण गुण कमीत कमी ३ आणि जास्तीत जास्त १५. साधारणपणे १३ ते १५ म्हणजे सौम्य, ९ ते १२ म्हणजे मध्यम आणि ८ किंवा त्याहून कमी म्हणजे गंभीर इजा समजतात.

मात्र नुसती बेरीज पुरेशी नसते. समजा दोन रुग्णांचे एकूण गुण ९ आहेत. एकाचे डोळे २, बोलणे २, हालचाल ५. दुसऱ्याचे डोळे ४, बोलणे १, हालचाल ४. बेरीज सारखी असली तरी दोघांची अवस्था वेगळी आहे. म्हणून तिन्ही गुण वेगवेगळे लिहायचे असतात. केसपेपरवर ई, व्ही आणि एम या अक्षरांपुढे आकडे दिसतात ते हेच.

आपल्या भागात बोलण्याचे गुण देताना एक काळजी घ्यावी लागते. तांड्यावरची गोरमाटी बोलणारी आजी हिंदीत विचारलेल्या प्रश्नाला उत्तर देत नाही, ती गोंधळलेली असतेच असे नाही. ज्यांना आधीपासून ऐकू कमी येते, पूर्वी लकवा झाला आहे किंवा विसरभोळेपणाचा आजार आहे, त्यांच्याबाबतही तसेच. अशा वेळी नातेवाइकांनी आपणहून सांगावे: ‘यांना मराठी कळत नाही, मी विचारतो’, ‘यांचा डावा हात आधीपासूनच कमजोर आहे.’ ही माहिती नसेल, तर गुण कमी पडतात आणि अंदाज चुकतो. लहान बाळांसाठी बोलण्याचे निकष वेगळे आहेत.

जीसीएसबरोबर आणखी काय नोंदवतात?

- डोळ्यांच्या बाहुल्या: दोन्ही सारख्या आहेत का, उजेड टाकल्यावर लहान होतात का. एक बाहुली अचानक मोठी होणे हे मेंदूवर दाब वाढल्याचे लक्षण असू शकते.
- रक्तदाब आणि ऑक्सिजन: वरचा रक्तदाब ९० च्या खाली गेला किंवा ऑक्सिजन ९० टक्क्यांच्या खाली आला, तर मेंदूची इजा वाढते. प्रवासात असे एकदा जरी झाले असेल, तरी ते पुढच्या डॉक्टरांना कळायला हवे.
- रक्तातली साखर: मधुमेही रुग्णाची गुंगी साखर उतरल्यामुळेही असू शकते. ही तपासणी एका मिनिटात होते.
- दिलेली औषधे आणि वेळ: झोपेचे किंवा फिटचे इंजेक्शन दिल्यावर जीसीएस कमी येतो. ते किती वाजता दिले हे लिहिले नसेल, तर औषधाची गुंगी आणि मेंदूची गुंगी यांत फरक करता येत नाही.
- प्रत्येक नोंदीपुढे वेळ: ‘संध्याकाळी’ असे नको. ‘१८:४०’ असे हवे.

रुग्णालयात सुरुवातीला दर अर्ध्या तासाने तपासतात ते यासाठीच. ‘सारखे सारखे उठवून का त्रास देता?’ असे नातेवाईक विचारतात. त्या तासांत शांत झोपू देण्यापेक्षा उठवून पाहणे जास्त सुरक्षित असते.

एकसारख्या नोंदींनी उपचार कसे बदलले?

नीट नोंदींचा फायदा त्या रुग्णाला तर होतोच. पण हजारो रुग्णांच्या नोंदी एकाच पद्धतीच्या असतील, तर कोणते औषध खरेच उपयोगी आहे हेही कळते.

स्टिरॉइडचे उदाहरण पाहा. डोक्याच्या इजेनंतर मेंदूची सूज उतरावी म्हणून अनेक दशके जगभर स्टिरॉइडची इंजेक्शने दिली जात. तर्क पटण्यासारखा होता आणि काही रुग्ण बरेही होत. मग ‘क्रॅश’ नावाच्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात ४९ देशांतील १०,००८ रुग्णांची माहिती एकसारख्या, छोट्या अर्जावर गोळा झाली. त्याचे निष्कर्ष २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. स्टिरॉइड दिलेल्यांपैकी २१.१ टक्के रुग्ण दोन आठवड्यांत दगावले, न दिलेल्यांपैकी १७.९ टक्के. म्हणजे ज्या औषधाने जीव वाचतात असे वाटत होते, त्यानेच मृत्यू वाढत होते. एका रुग्णालयाच्या अनुभवावरून हे कधीच कळले नसते, कारण शंभरात तीन जणांचा फरक डोळ्यांना दिसत नाही. डोक्याच्या इजेसाठी सरसकट स्टिरॉइड देणे त्यानंतर थांबले. मेंदूच्या गाठीभोवतीच्या सुजेसाठी ते आजही वापरतात, तो विषय वेगळा.

पुढे २०१९ मध्ये ‘क्रॅश-३’ अभ्यास आला. त्यात १२,७३७ रुग्णांवर रक्तस्राव रोखणाऱ्या ट्रॅनेक्झॅमिक ॲसिडचा अभ्यास झाला. सौम्य आणि मध्यम इजेच्या रुग्णांना मार लागल्यापासून तीन तासांच्या आत हे औषध दिल्यास फायदा होतो, असे त्यात दिसले. अतिगंभीर इजेत तसा फायदा आढळला नाही. औषध द्यायचे की नाही हे मार लागल्याच्या वेळेवर आणि जीसीएसवर ठरणार असेल, तर या दोन्ही गोष्टी चिठ्ठीवर असायलाच हव्यात.

अशा अभ्यासांतले शब्द जगभर सारखे असावेत म्हणून अमेरिकेच्या राष्ट्रीय मज्जासंस्था संस्थेने तज्ज्ञांना एकत्र आणून मेंदूच्या इजेसाठी ‘सामाईक नोंदघटक’ ठरवले. त्यांची पहिली आवृत्ती २०१० मध्ये आली. कोणती गोष्ट नोंदवायची, तिची व्याख्या काय आणि ती कधी मोजायची, हे त्यात ठरलेले आहे.

आपल्याकडे मुंबईतही असे मोठे काम झाले आहे. डॉ. नोबोजित रॉय यांच्या पुढाकाराने २०१३ ते २०१५ या काळात मुंबईचे केईएम, सायनचे लोकमान्य टिळक रुग्णालय, दिल्लीच्या एम्सचे ट्रॉमा सेंटर आणि कोलकात्याचे एसएसकेएम या चार सरकारी रुग्णालयांत सुमारे १६,००० अपघातग्रस्तांच्या नोंदी एकाच पद्धतीने ठेवल्या गेल्या. नोंदी घेण्यासाठी वेगळी माणसे नेमून त्यांना प्रशिक्षण दिले होते, कारण गर्दीच्या कॅज्युअल्टीत डॉक्टरने जीव वाचवायचा की अर्ज भरायचा, हा प्रश्न खरा आहे. त्या नोंदींवरून दिसले, की भरती झालेल्या अपघातग्रस्तांपैकी सुमारे २१ टक्के जण ३० दिवसांत रुग्णालयातच दगावले होते. नेमके किती जण दगावतात आणि कोणत्या टप्प्यावर, हे कळल्याशिवाय सुधारणा कुठून सुरू करायची हे ठरत नाही.

आपल्या भागात साखळी कुठे तुटते?

कन्नडच्या औट्रम घाटात आणि राष्ट्रीय महामार्ग ५२ वर होणारे अपघात सगळ्यांना माहीत आहेत. पण डोक्याची इजा फक्त रस्त्यावर होत नाही. झाडावरून पडणे, विहिरीच्या कामावर दगड लागणे, बैलाने उडवणे, रात्री उसाच्या ट्रॉलीवर दुचाकी आदळणे, वयस्कर माणसाचे न्हाणीघरात घसरणे, हे सगळे आम्ही नेहमी पाहतो. अशा वेळी नोंद पुढीलप्रमाणे हरवते:

- पहिल्या डॉक्टरने तपासले, पण घाईत चिठ्ठी दिली नाही.
- ज्याने अपघात पाहिला तो गावातच राहिला. सोबत गेलेल्या नातेवाइकाला काहीच माहीत नाही.
- रुग्णवाहिकेत घेतलेल्या नोंदीची प्रत आत पोहोचलीच नाही.
- सीटी स्कॅनचा रिपोर्ट आणला, पण फिल्म किंवा सीडी मागेच राहिली.

महाराष्ट्रात १०८ची सेवा २०१४ पासून आहे आणि तिच्यात रुग्णाची नोंद ठेवली जाते. उतरताना ‘तुम्ही घेतलेली नोंद डॉक्टरांना दाखवा’ असे नम्रपणे सांगायला हरकत नाही.

नातेवाइकांनी काय लिहून ठेवावे?

कागद नसेल तर मोबाइलवर लिहा, किंवा आवाज रेकॉर्ड करा. पण त्यासाठी रुग्णाला हलवायला उशीर करू नका. एकाने गाडी बोलवावी, दुसऱ्याने नोंद करावी.

१. मार किती वाजता लागला? कुणी पाहिले? कुणी पाहिले नसेल, तर शेवटचा नीट केव्हा दिसला? पाहणाऱ्याचा फोन नंबर घ्या.
२. मार कसा लागला? किती उंचीवरून? हेल्मेट होते का?
३. शुद्ध गेली होती का, अंदाजे किती मिनिटे?
४. किती उलट्या झाल्या? फिट आली का? कान-नाकातून रक्त किंवा पाणी आले का?
५. रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का? हृदयविकार किंवा लकवा होऊन गेलेल्या बऱ्याच जणांना ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल किंवा वॉरफेरिन चालू असते. नाव माहीत नसेल तर गोळ्यांचे पाकीट सोबत घ्या.
६. मधुमेह, रक्तदाब, फिटचा आजार, ॲलर्जी, गर्भारपण.
७. दारू घेतली होती का? लपवू नका. डॉक्टरांना ते उपचारांसाठी हवे असते.
८. वाटेत कोणते इंजेक्शन किंवा गोळी दिली, किती वाजता?
९. दर १५ मिनिटांनी एक शब्द लिहा: ‘जागा’, ‘हाकेला उत्तर’, ‘फक्त दुखल्यावर हालचाल’ किंवा ‘कशालाच उत्तर नाही’. हाक मारून पाहा. चिमटे काढू नका, गदागदा हलवू नका. मानेलाही मार असू शकतो.

नववा मुद्दा जीसीएसचेच सोपे रूप आहे आणि डॉक्टरही ते वापरतात. तुम्हाला गुण मोजायची गरज नाही.

प्रत्येक कागदाचा फोटो काढा आणि मूळ कागद एका पिशवीत, एकाच माणसाकडे ठेवा.

घरी सोडल्यावर

सौम्य मार असेल तर डॉक्टर घरी पाठवतात. पहिले २४ तास रुग्णाला एकटे ठेवू नका. पुढीलपैकी काहीही दिसले, तर वेळ लिहा आणि लगेच रुग्णालय गाठा:

- वाढत जाणारी डोकेदुखी, वारंवार उलट्या
- नेहमीपेक्षा जास्त झोप, उठवायला कठीण जाणे
- गोंधळ, बोलणे अडखळणे, माणसे न ओळखणे
- हाता-पायात कमजोरी, चालताना तोल जाणे
- फिट, दोन-दोन दिसणे, एक बाहुली मोठी दिसणे
- कान किंवा नाकातून पाणी येणे

वयस्कर आणि रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्या व्यक्तींत काही आठवड्यांनीही रक्त साचलेले आढळू शकते. ‘महिन्यापूर्वी पडले होते’ हेही डॉक्टरांना सांगा.

सहा महिन्यांनंतरची नोंद

मोठ्या इजेनंतर रुग्ण वाचला, चालू लागला, की घरच्यांना वाटते बरा झाला. पण पैशांचा हिशेब चुकतो, विनाकारण राग येतो, मोटार चालू करून बंद करायचे विसरतो. याला लोक ‘स्वभाव बदलला’ म्हणतात. तो इजेचा परिणाम असू शकतो आणि त्यावर उपचार, सराव आणि सल्ला उपलब्ध आहे.

यासाठीही ठरलेली मोजपट्टी आहे. तिला ग्लासगो आउटकम स्केल म्हणतात आणि तिचे आठ पायऱ्यांचे विस्तारित रूप आज वापरले जाते. साधारण सहा महिन्यांनी प्रश्न विचारले जातात: घरात एकटा राहू शकतो का? बाजारात जाऊन खरेदी करतो का? पूर्वीचे काम करू शकतो का? घरच्यांशी संबंध कसे आहेत? रुग्णालयातून असा फोन आला, तर दोन मिनिटे काढून खरी उत्तरे द्या. ‘बरे आहे’ म्हणून फोन ठेवला, तर रुग्णाचा त्रास कुठेच नोंदला जात नाही.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*माहिती दिली तर पोलिसांची भानगड मागे लागेल का?*
अपघाताच्या रुग्णाची पोलिसांना कळवण्याची नोंद रुग्णालय नियमाने करते. त्यासाठी उपचार थांबत नाहीत. उलट अपघाताची वेळ आणि इजेची नोंद नीट असेल, तर पुढे विमा आणि नुकसानभरपाईच्या कामात तुमचीच सोय होते.

*खर्चाचे काय?*
वाहन अपघातातील जखमींसाठी केंद्र सरकारने मे २०२५ मध्ये कॅशलेस उपचार योजना अधिसूचित केली आहे. अपघाताच्या दिवसापासून ७ दिवसांपर्यंत, जास्तीत जास्त दीड लाख रुपयांचे उपचार नेमलेल्या रुग्णालयांत मिळू शकतात. म्हणून अपघाताची तारीख आणि वेळ अचूक सांगा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेबद्दलही रुग्णालयातील आरोग्यमित्राला विचारा.

*आमची माहिती अभ्यासासाठी वापरली तर नाव बाहेर जाते का?*
अभ्यासात नाव-पत्ता काढून क्रमांक वापरतात आणि त्यासाठी संमती विचारली जाते. नाही म्हणण्याचा तुम्हाला अधिकार आहे. नाही म्हटले तरी उपचारांत फरक पडत नाही.

*रेफर करताना डॉक्टरांकडे काय मागावे?*
तीनच गोष्टी: वेळेसह जीसीएस (तिन्ही गुण वेगळे), बाहुल्या आणि रक्तदाब-ऑक्सिजनची नोंद, आणि दिलेल्या औषधांची नावे वेळेसह. हे लिहायला दोन मिनिटे लागतात. ती चिठ्ठी खिशात न ठेवता पुढच्या डॉक्टरांच्या हातात द्या.

(हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. डोक्याला मार लागल्यावर तपासणीसाठी नेहमी डॉक्टरांकडे जा. तातडीच्या वेळी १०८ वर फोन करा.)